पाव्हण्यांचा ठोका

मी त्याच्याबद्दल 'तो' असं लिहितेय म्हणून कोणी रागावू नका. वयाने तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा होता. पहिल्या भेटीत मी आपली रीतीप्रमाणे म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा ना." तर त्याने मागे वळून पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "मी तं एकलाच शे. तू कोनले म्हनी ऱ्हायनी?"

तेव्हापासून तो मला तू आणि मी त्याला तू. नाहीतरी तो सगळ्यांनाच तू म्हणायचा. वनखात्याच्या साहेबाला तू, माझ्या सुनेला तू. एकदा पुण्याचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते, त्यांनाही तू. न्यायाधीश खूश. बायकोला म्हणाले, "बघ, किती निरागस माणूस आहे!" तो मला हळूच म्हणाला, "हाऊ काय म्हनी ऱ्हायना?" म्हटलं, तुला चांगला म्हणतोय. त्यावर तो म्हणाला, "मले वळखस का तो?"

आता तो नाही. यंदाच्या होळीच्या पंधरा दिवस आधी गेला. त्याच्यावर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि माझं शिक्षण म्हणाल तर चौथी. पुढचं सगळं वाचून-वाचून. पण त्याच्याविषयी जे मला माहीत आहे ते आता दुसऱ्या कोणाला माहीत नाही, आणि जे मला माहीत असायला हवं होतं ते मलाही नाही. म्हणून बसलेय लिहायला.

आमचं घर जळगावात, मेहरूणला. माहेर मात्र सोनगीरचं, म्हणून अहिराणी माझ्या जिभेवर. त्याची घरची बोली पावरी, ती मला कळत नसे. अहिराणी तो आठवडी बाजारात शिकला होता. म्हणजे आम्ही दोघं बोलायचो ते बाजारात भेटल्यासारखं, पण बोलणं भरपूर. सून माझी पुण्याची, हुशार, हाताला उसंत नाही अशी. जळगावात आल्यावर तिने सहलींचं काम सुरू केलं, 'सातपुड्यात दोन दिवस'. चोपड्याच्या पुढे डोंगराच्या पोटात पावरा आदिवासींचा एक पाडा, चाळीसेक घरांचा, तिथे पाहुणे न्यायचे. शेत दाखवायचं, घर दाखवायचं, नाच दाखवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. गाडीत मीही असायची, कारण स्वयंपाक माझ्याकडे. पाहुण्यांना आदिवासी जेवण हवं असायचं पण आदिवासींच्या हातचं पाणी प्यायला पोटाची भीती वाटायची. मग मी वांगी भाजून भरीत करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, ते पळसाच्या पानावर वाढायचं आणि सून सांगायची, "हे इथलं पारंपरिक जेवण." सोनगीरच्या वाण्याची लेक मी! पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर सवय झाली.

गाडी चालवायला नशिराबादचे एक भाई होते. ते म्हणायचे, "अक्का, इन लोगां को जंगल होना, पर जंगल में टॉवर बी होना."

पाड्यावर ढोल वाजवायचा तो. ढोल एका अख्ख्या लाकडातून कोरलेला, त्याच्या आज्याच्या वेळचा, आणि एवढा मोठा की तो गळ्यात अडकवला की मागचा म्हातारा दिसायचाच नाही, नुसते दोन काटकुळे पाय. थंडीत ढोलाला गोधडी, स्वतःच्या अंगावर पोतं. उन्हात ढोल सावलीला, आणि त्याच्याशी बोलणं चालूच. मी विचारलं, काय बोलतोस रे त्याच्याशी? म्हणाला, "काही नही. कोन कोन उनात ते सांगस. तेले दिसत नही ना."

पाहुणा आला की तो आधी त्याचं घर विचारायचा. कोठे शे, घरमा कितला जन, विहीर शे का, ढोरं कितली. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "मी कधी येऊ?" पाहुणे म्हणायचे, या की कधीही! कोणी कार्ड काढून द्यायचं. ती कार्डं तो तंबाखूच्या पिशवीत जपून ठेवायचा. वाचता येत नव्हतं, पण कुठलं कोणाचं ते त्याला पक्कं ठाऊक. कार्डाचा वास घेऊन सांगायचा, हाऊ जाड्याना, हाऊ चस्मावालीना.

त्याची नि माझी खरी ओळख झाली ती भांडणातून. सुनेला होळीचा नाच हवा होता. सातपुड्यातली होळी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. नवस केलेले पुरुष कंबरेला घुंगरू आणि वाळके भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर राखेचे ठिपके. सून म्हणाली, "आई, होळी मार्चमध्ये. तेव्हा मुलांच्या परीक्षा, त्यात ऊन. कोण येणार? लोकांना होळी डिसेंबरात लागते."

पाड्यावरचे बाकीचे तयार झाले. गावात काम नसतं त्या दिवसांत, ऊसतोडीला न जाता घरी राहता येतं म्हणजे बरंच की. अडला तो एकटा. तो नाही तर ढोल नाही, ढोल नाही तर नाच नाही. सुनेने मला पुढे केलं. "आई, तुमचं ऐकतील ते."

मी चुलीवर वांगी लावली होती. तो समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "होळी पेटनी नही. मंग ढोल कसाले वाजाडू? देव उठना तं तेले काय सांगू? पाव्हणा देखाले उनात म्हनीसन तुले उठाडं?"

मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं राम होतात. म्हणून काय खरा राम येतो?"

"येत नही?"

"नाही."

"मंग तुम्ही तेले बलावतंस कसाले?"

माझी जीभ तेवढ्यात चाललीच. जन्मभर जिभेवरच निभावलंय मी. बाजारात, सासरी, नवरा गेल्यावर भाऊबंदांत. मी त्याला म्हटलं, बाबा, थोडं खोटं चालतं. देवाला कळतं खोटं कुठलं आणि खरं कुठलं. देव काय खुळा आहे?

त्याने काटकीने विस्तव सारला. मग म्हणाला, "तेले कळाले पाहिजे."

आणि दोन दिवसांनी त्याने देवाला कळायची सोय केली.

ती सोय त्याने मला एकटीला सांगितली. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ती सांगावी लागली नाही, त्यांनी ऐकली. होळीच्या ठोक्यात एक जागा असते. म्हणजे ढोल वाजत वाजत येतो आणि एके ठिकाणी मधेच गप्प होतो. हात वर, टिपरी वर, आणि ढोल गप्प. तेवढ्यात नाचणाऱ्यांचा पाय जमिनीवर पडतो. "तठे जागा ठेवनी पडस," तो म्हणाला, "देव तठे पाय ठेवस." आणि ही जागा दर फेरीला एकाच ठिकाणी येत नाही. आता इथे आली तर पुढच्या वेळी पुढे, मग मागे, मग दोन फेऱ्या नाहीच. ते कसं ठरतं ते त्याच्या घराण्याचं. पाहुण्यांसाठी वाजवताना त्याने ती जागा बुजवली. सगळीकडे एक-एक ठोका भरला. जागाच नाही म्हटल्यावर देव पाय कुठे ठेवणार? तो झोपलेलाच राहील.

"हाऊ पाव्हण्यास्ना ठोका शे," असं म्हणून तो इतका हसला की उरलेले दोन दात दिसले.

आणखी एक सोय होती. नवस केलेल्या माणसाने होळीआधी कितीतरी दिवस खाटेवर बसायचं नसतं, भुईवरच निजायचं. म्हणून हा प्रत्येक कार्यक्रमाआधी नाचणाऱ्या पोरांना मुद्दाम खाटेवर बसवायचा. सगळ्यांना, ओळीने, टोप-बिप घालून. नवस नाही हे वरच्याला लांबूनच दिसावं. पाहुण्यांना वाटायचं, फोटोसाठी बसवलंय. ते जाऊन शेजारी बसायचे.

त्या वर्षी खऱ्या होळीला मी एकटी गेले, पाहुणे नव्हते. भाईंनी सोडलं मला. तिथली होळी पहाट फुटताना पेटते. मी खरा ठोका तेव्हा ऐकला. आता काय सांगू? मला गाण्या-बजावण्यातलं कळत नाही. ढोल गप्प झाला की जिना उतरताना एक पायरी नसावी तसं व्हायचं, आणि त्याच वेळी शंभर पाय एकदम जमिनीवर. मी मोबाइल काढला तर त्याने वाजवता वाजवता डोळे वटारले. ठेवला मी परत. चांगलं केलं असं तेव्हा वाटलं.

त्याची दुसरी आठवण जळगावची. एके सकाळी दहाच्या सुमाराला दारात तो उभा. बरोबर पाड्यावरचे दोन म्हातारे, तिघंही धुतलेल्या धोतरात. एसटीने आले होते. मला म्हणाला, "चाल. पाव्हण्यास्कडे जानं शे."

मला वाटलं, कोणी नातेवाईक. त्याने पिशवीतून कार्ड काढलं. मेहरूणलाच, तलावाच्या बाजूला बंगला असलेले बँकेतले एक निवृत्त अधिकारी होते, त्यांचं. हे साहेब मागच्या महिन्यात पाड्यावर येऊन गेले होते. याच्या खाटेवर आडवं होऊन फोटो काढला होता, याची सून नागलीची भाकर थापत होती तर फोटो नीट आला नाही म्हणून तीन वेळा थापायला लावली होती. आणि याच्या घरचे जेवायला बसले तर समोर कॅमेरा घेऊन उभे राहिले होते. जाताना म्हणाले होते, या एकदा घरी.

मी म्हटलं, अरे ते आपलं म्हणायचं असतं. त्याला ते कळेना. त्याच्या हिशेबाने सरळ होतं. ते आपलं घर बघून गेले, आता आपण त्यांचं बघायचं. नाही गेलं तर वाईट दिसतं. दस्तूरच तसा.

गेलो. साहेब दारातच ओशाळले, पण घेतलं आत. चहा केला. याने चहा पिऊन घर पाहायला सुरुवात केली. फ्रिज उघडून आत डोकं घातलं. पडद्याचं कापड चुरगाळून पाहिलं. देवघरापुढे उकिडवा बसून एकेका देवाचं नाव विचारलं. मग स्वयंपाकघरात. साहेबांची सून पोळ्या लाटत होती. हा तिच्या हातांकडे एकटक पाहत उभा. तिने पोळी तव्यावर टाकली तर म्हणाला, "परत लाट. मले नीट दिसनं नही."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी पदर तोंडाला लावलेला.

बाहेर आला आणि साहेबांना म्हणाला, "तू जेव. मी देखस."

"अहो, तुम्हीही बसा ना जेवायला."

"नही, नही. तू जेव."

आणि तिघं म्हातारे भिंतीला पाठ लावून ओळीने बसले. साहेब बिचारे जेवले. दोन घास. जेवण झाल्यावर याने विचारलं, "तुन्हा ढोल कोठे शे?" साहेबांनी कपाटावरचा स्पीकर दाखवला, गाणं लावलं. याने कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "हाऊ कोनले बलावस?"

संध्याकाळी साहेबांचा माझ्या सुनेला फोन आला. "हे काही बरोबर नाही हं. घर आहे ते आमचं."

मी आजवर कितीदा विचार केला, की तो टोमणा मारायला आला होता का? माझा भाचा म्हणतो, म्हातारा बेरकी, धडा शिकवायला आला होता. मला नाही तसं वाटत. तो धोतर धुऊन आला होता. परतताना बसस्टँडवर मला एवढंच म्हणाला, "घर चांगलं शे तेनं. पन कोनी येत नही वाटस तेनाकडे. लोक देखी तो भ्याला." आणि उरलेली कार्डं त्याने माझ्याच हातात दिली. पुन्हा कोणाकडे गेला नाही. पाहुण्यांना घर विचारणंही त्या दिवसापासून बंद.

मग वर्षं गेली तशी सहल वाढली. पाड्यावर पत्रे आले, मोटारसायकली आल्या. त्यात वाईट काय? माझं घरही त्याच सहलीवर उभं राहिलंय. सुनेला 'पाड्याची आई' म्हणणारे लोक आहेत आणि ती खोटं नाव मिरवत नाही, बाळंतपणाला अडलेल्या पोरींना तिने स्वतःच्या गाडीत घालून नेलंय. पोरांचं नाचपथक झालं. धुळ्यात दुकानाचं उद्घाटन, ढोल. कोणाच्या लग्नात वरातीपुढे, ढोल. पुढाऱ्याच्या स्वागताला, ढोल. टोप आता प्लॅस्टिकच्या पिसांचे. आणि ठोका सगळीकडे तोच, पाहुण्यांचा. याचा नातू पथकाचा म्होरक्या. पहिली सहल गेली तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेल, शेंबूड पुसत खाटेवर बसलेला. आता दोन लेकरांचा बाप. वर्षातून दीड-दोनशे वेळा ती पोरं तो भरलेला ठोका वाजवायची. आणि खरा? खरा वर्षातून एका पहाटे. त्या पहाटेलाही ढोल याच्याच गळ्यात, पोरं नाचण्यात नाहीतर मोबाइलमध्ये. ढोलासमोर मोबाइल मात्र याने कोणालाच कधी धरू दिला नाही.

खरा ठोका जाणणारे त्याच्याखेरीज दोघंच. तेच, साहेबांच्या भिंतीला टेकून बसलेले. एक तापाने गेला. दुसरा मुलाबरोबर गुजरातेत बांधकामावर गेला, आणि तिकडेच वारला.

मी त्याला म्हटलं, पोरांना शिकव की. तो म्हणाला, "कसा शिकाडू? वाजाडं म्हंजे बलावं." शिकवायला म्हणून वाजवला तरी तो बोलावणंच, होळीशिवाय वाजवायचाच नाही. मग तू कसा शिकलास? तर म्हणाला, लहानपणी बापाच्या मांडीला चिकटून बसायचो, अंगात गेला. दर होळीला थोडा थोडा. वीस होळ्या लागल्या.

वीस होळ्या! मी बोटांवर त्याच्या उरलेल्या होळ्या मोजल्या.

तरी त्याने प्रयत्न केला. ढोल बाजूला ठेवून गुडघ्यावर थापट्या मारून दाखवायचा, तोंडाने म्हणून दाखवायचा, पण तुकडा तुकडा, अख्खा ठोका नाही. पोरं हसायची. त्यांना खरंच जमत नव्हतं हो. जागा आली की त्यांचा हात आपोआप पडायचा. हाताला भरलेल्याची सवय. नातू एकदा चिडून म्हणाला, "बाबा, तूच तं आसा वाजाडस. आम्ही पोऱ्या व्हतूत तधयपासून हाऊच ऐकी ऱ्हायनूत." त्यावर म्हातारा माझ्याकडे पाहायला लागला. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, एक शब्द सापडायला अर्धा तास. त्यानंतरची होळी मी पाहिली. त्या वर्षापासून खऱ्या होळीलाही पाहुणे यायला लागले, सुनेच्या दोन गाड्या होत्या. त्याला खुर्चीवर आणून बसवलं. होळी पेटली, नातवाने ढोल गळ्यात घातला आणि वाजवला. भरलेला. एकही जागा नाही. सगळे नाचायला लागले, पाय पडायचे ते नुसते ठोक्यावर पडायचे.

तो डावा हात हलवायला लागला. "न... न..." तोंड वाकडं, लाळ गळतेय. "नही! नही!" ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पाहुण्यांतल्या एका बाईने पाहिलं. भली बाई होती, डोळ्यांत पाणी आलेलं तिच्या. मला विचारलं, "आजोबा काय म्हणताहेत?"

मी म्हटलं, "आशीर्वाद देताहेत."

तिने ते मोबाइलवर घेतलं.

नंतर तो किती दिवस जेवला नाही असं नातसून सांगत होती. त्याचं म्हणणं, देव झोपलेलाच राहिला. देवाला वाटलं असणार, पाहुणे आलेत.

आता शेवटचं सांगते. यंदा थंडीत नातवाच्या धाकट्या मुलीला झटके यायला लागले. दवाखाना चालू होता, गोळ्या चालू होत्या, सून दोनदा जळगावला घेऊन आली तिला. पण बापाचं काळीज. त्याने होळीला नवस केला. आणि नवस बोलल्यावर पोरगा घाबरला. मला म्हणाला, "अक्का, नवस खरा, पन ठोका खोटा. देव उठनाच नही तं?" जो इतकी वर्षं हसत होता तो. मग तो स्वतःच म्हाताऱ्यापाशी जाऊन बसला. मलाही बोलावलं. तू खरा ऐकलाय, अक्का, तू बस.

दुपारची वेळ. म्हातारा खाली गोधडीवर भिंतीला टेकून. नातू त्याच्या मांडीला चिकटून बसला, एवढा थोरला गडी. आणि म्हाताऱ्याने त्या दिवशी आपला नियम मोडला. होळीला अवकाश असताना, माझं मनगट डाव्या हातात घेऊन त्याच हाताच्या बोटांनी त्यावर अख्खा ठोका वाजवायला लागला.

मी फेऱ्या मोजत होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी जागेची वाट पाहत होते. तिसरी झाली. बोटं पडतच होती, एकसारखी, सगळीकडे. आता येईल, आता येईल असं म्हणत मी ऐकत राहिले आणि त्याची बोटं थांबली. संपलं होतं. एकही जागा आली नव्हती. तो भरलेलाच वाजवत होता, पाहुण्यांचा. त्याच्या स्वतःच्या हातात आता तोच उरला होता, आणि त्याला ते कळलं नव्हतं.

त्याने मान वर केली. चेहरा असा उजळलेला, कितीतरी दिवसांनी. मला म्हणाला, आणि हे शब्द अगदी स्वच्छ आले, "हाऊच शे ना?"

नातू माझ्याकडे पाहतोय. म्हातारा माझ्याकडे पाहतोय. माझं मनगट अजून त्याच्या हातात.

मी म्हटलं, "हाऊच शे, बाबा."

तो नातवाकडे वळला. "देख. अक्काले याद शे." आणि डोळे मिटून घेतले.

नातू उठून अंगणात आला. मीही आले मागोमाग. मला राहवेना. मी त्याला सांगितलं, "अरे, मी खोटं बोलले. तो तसा नाहीये. त्यात जागा असते. मधे ढोल गप्प होतो."

तो उभा राहिला. रागावला नाही, काही नाही. अंगणातल्या पाटावर बसला, गुडघा पुढे केला आणि म्हणाला, "कोठे? दाखाड, अक्का. कोठे सोडनी ती?"

मी हात उचलला. पहिले दोन ठोके आठवत होते. पुढे? इथे? की त्याच्या पुढे? मी एक थापटी मारली, दुसरी मारली, मग हात तसाच धरून बसले. त्या पहाटेचा जाळ आठवला, पाय आठवले, ती नसलेली पायरी आठवली. जागा आठवेना.

तो वाट पाहत राहिला, म्हाताऱ्या माणसाची पाहतात तशी, बेताने, घाई न करता. तेवढ्यात खाली रस्त्यावर सहलीची गाडी वाजली. तो उठला, मला "ऱ्हाऊ दे, अक्का" म्हणाला, आणि टोप आणायला घरात गेला.